टेंडरच्या अटी वाचल्यात का कधी?

तुम्ही वर्गात ज्या बाकावर बसता, तो कुणी बनवला, माहितीये?

विचारून बघा. कॉलेज ज्या गावात आहे, त्या गावात सुतार असतो, वेल्डर असतो, लाकडाची वखार असते. तरीही बाक बहुतेकदा ट्रकमधून येतो, दोन-चार जिल्हे ओलांडून. वर्षभरात त्याचा एक पाय डगमगायला लागतो. मग तो दुरुस्त करायला कोण येतं? गावातलाच सुतार. म्हणजे नवं काम लांबच्या फर्मला आणि डागडुजी गावातल्या माणसाला. आपल्याला याचं नवल वाटत नाही, कारण आपण हे लहानपणापासून बघतोय.

हाच प्रश्न घेऊन आज जरा लांब जाऊया. महाराष्ट्राच्या नकाशात अगदी पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडला.

सूरजागडचं नाव बातम्यांत ऐकलं असेल. लोहखनिजाचा डोंगर. 2007 मध्ये इथली 348 हेक्टर जमीन लॉयड्स मेटल्स या कंपनीला खाणपट्ट्याने मिळाली. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी इथे सत्तरहून जास्त वाहनं जाळली. काम सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. 2021 पासून ते जोरात आहे. डोंगर खोदायचं काम तमिळनाडूची त्रिवेणी अर्थमूव्हर्स करते. 2023 मध्ये वर्षाला 1 कोटी टनांपर्यंत खनिज काढायला पर्यावरण मंजुरी मिळाली. याच डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत तिथे जत्रा भरते आणि आसपासच्या अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोध केलाय. खाण असावी की नसावी, हा वाद मिटलेला नाही. या पानावर दोन ओळींत तो मिटणारही नाही.

आज बोलायचंय ते खाणीच्या खालच्या अंगाला घडणाऱ्या एका साध्या गोष्टीबद्दल. खाणीतून जिल्ह्याला पैसा मिळतो, त्या पैशातून कामं निघतात. ती कामं कुणाला मिळतात?

आधी पैशाचं गणित बघू. लोहखनिजावर सरकार सरासरी विक्री किमतीच्या 15 टक्के स्वामित्वधन घेतं. 2015 मध्ये खाण कायदा बदलला आणि प्रत्येक खाणजिल्ह्यात ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ आलं. लिलाव न होता आधी दिलेल्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या 30 टक्के रक्कम या प्रतिष्ठानात भरावी लागते. म्हणजे 100 रुपयांच्या खनिजामागे सरकारला 15 रुपये आणि त्यावर प्रतिष्ठानाला साडेचार रुपये. शंभरातले साडेचार म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण लाखो टनांचा हिशेब करा, म्हणजे आकडा केवढा होतो ते कळेल. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा गोष्टींवर या निधीतला मोठा हिस्सा खर्च करायचा, असं केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

आता खर्च करायचा म्हणजे नेमकं काय? शाळेच्या खोलीवर नवं छप्पर. आरोग्य उपकेंद्राच्या खिडक्यांना ग्रील. अंगणवाडीला संडास. पाण्याची टाकी, नळ, बाकं, कपाटं, कंपाउंडची भिंत. यातलं कुठलं काम रॉकेट उडवण्याइतकं अवघड आहे? गवंडी, सुतार, लोहार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांचीच ही कामं. एटापल्लीत, आलापल्लीत, अहेरीत ही माणसं आहेत. आलापल्लीचं सागवान तर देशभर ओळखलं जातं.

सागवानावरून एक आठवलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च 2023 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत रवाना झालं. आपल्याकडच्या लोकांची छाती फुगली, आणि फुगावीच. ती दारं घडवण्याचं काम मात्र हैदराबादच्या एका लाकूड कंपनीने केलं आणि कारागीर तमिळनाडूतले होते. त्यांची कला त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलीय, त्यांना काम मिळालं यात गैर काही नाही. पण खनिज असो की सागवान, आपल्या नावापुढे ‘कच्चा माल पुरवणारा जिल्हा’ एवढंच लिहिलं जातं, हे मनाला लागतं. देवळाच्या दाराचं सोडा. जिल्हा परिषदेच्या शाळेचं दार तरी गावातल्या सुताराच्या हातचं असावं की नाही?

मग अडतं कुठे? गावातला सुतार आळशी आहे का? त्याचा दर जास्त आहे का? कधी कधी असेलही. पण बहुतेक वेळा त्याचा दर कुणी बघतच नाही. कारण तो दरापर्यंत पोचतच नाही.

सरकारी कामाच्या टेंडरमध्ये साधारण दोन लिफाफे असतात. पहिला तांत्रिक, दुसरा आर्थिक. पहिल्यात तुमची कागदपत्रं, अनुभव, उलाढाल. त्यात पास झालात तरच दराचा दुसरा लिफाफा उघडतो. म्हणजे तुम्ही सगळ्यात कमी दर भरला असेल, तरी पहिल्या लिफाफ्यात नापास झालात की तुमचा दर कुणाला कळतही नाही.

हा पहिला लिफाफा कसा ठरतो ते एका उदाहरणाने बघू. केंद्रीय दक्षता आयोगाने 2002 मध्ये केंद्राच्या कार्यालयांसाठी काही मापं सुचवली. ठेकेदाराची तीन वर्षांची सरासरी उलाढाल कामाच्या किमतीच्या किमान 30 टक्के हवी. शिवाय तशाच प्रकारची कामं केलेली हवीत: 40 टक्के किमतीची तीन, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचं एक. माप म्हणून यात वाकडं काही नाही. अनुभव नसलेल्याच्या हाती लोकांचा पैसा का द्यावा?

आता समजा, दहा अंगणवाड्यांची दुरुस्ती करायचीये. प्रत्येकीला 10 लाख. ही दहा कामं एकत्र बांधली की झालं 1 कोटीचं एक काम. या मापाने ठेकेदाराची उलाढाल वर्षाला 30 लाख हवी आणि आधी 40-40 लाखांची तीन कामं केलेली हवीत. एटापल्लीतला गवंडी इथेच बाद.

तीच दहा कामं वेगवेगळी काढा. आता उलाढाल हवी 3 लाख. अनुभव हवा 4-4 लाखांच्या तीन कामांचा. गवंडी लगेच शर्यतीत!

माणूस तोच, हात तेच, अंगणवाड्या त्याच, मापंही तीच. बदललं फक्त एक: कामं कशी बांधली. टेंडर उघडायच्या कितीतरी आधी, एका टेबलावर, एका ओळीत निकाल लागून गेला. दरांची स्पर्धा ही नंतरची गोष्ट. खरी स्पर्धा अटी लिहिताना संपते आणि त्या वेळी गावातला सुतार त्या खोलीत नसतो.

बाकीच्या पायऱ्याही बघा. ऑनलाइन टेंडर भरायला डिजिटल सही लागते. बयाणा रक्कम आधी भरावी लागते. जीएसटी नोंदणी मागतात, आणि छोट्या कारागिराची उलाढाल एवढी कमी असते की कायद्याने त्याला ती नोंदणी सक्तीची नसते. कायदा म्हणतो ‘नको’, टेंडर म्हणतं ‘हवीच’. शिवाय काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग देयक, मग निधी येण्याची वाट. ज्याच्या घरात रोजच्या कमाईवर चूल पेटते, तो सहा महिने बिलाची वाट कशी बघणार? लांबची फर्म बघू शकते. तिच्याकडे बँक आहे.

तर मग काम लांबच्या फर्मला जातं. पण ती फर्म नागपूरहून किंवा हैदराबादहून गवंडी घेऊन थोडीच येते? ती इथे येऊन एक माणूस शोधते, तो दुसरा शोधतो. याला आपल्याकडे पेटी कंत्राट म्हणतात. शेवटी शाळेचं छप्पर गावातलाच माणूस घालतो. फक्त मधल्या प्रत्येक हाताने आपला वाटा काढून घेतलेला असतो. उरलेल्या पैशात सिमेंट कमी पडतं, पत्रा पातळ येतो. छप्पर गळलं की फर्मचं नाव कुणाला आठवत नाही. गाव म्हणतं, “अमक्याने बांधलं, बघा कसं बांधलं!” काम त्याचं, कमाई दुसऱ्याची आणि बदनामी पुन्हा त्याचीच. फर्मच्या खात्यात मात्र ‘समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव’ जमा होतो आणि पुढच्या टेंडरला तोच कामाला येतो. बांधणाऱ्याच्या हातात दाखवायला एक चिठ्ठीही नसते.

म्हणजे मजुरी बुडाली यापेक्षा मोठं काहीतरी बुडतं. अनुभव बुडतो. दहा वर्षं शाळा बांधूनही कागदावर तो माणूस अननुभवीच राहतो.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळी कामं गावातल्यांनाच राखून ठेवा ना. एवढं सोपं नाही. एक तर, सगळी कामं छोटी करता येत नाहीत. आष्टी-आलापल्ली-एटापल्ली हा रस्ता खनिजाच्या ट्रकांखाली वर्षानुवर्षं भरडला गेला. तसला रस्ता बांधायला यंत्रं आणि अभियंते लागतात, तिथे मोठी कंपनीच हवी. दुसरं, टेंडर टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडणं हा जुना गैरप्रकार आहे. लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतात आणि ठेवायलाच हवं. तिसरं, ‘स्थानिक’ या शब्दाआड पुढाऱ्याचा भाचाही लपतो. कायम त्याच चार घरांत काम जात असेल, तर गावाला त्याचा काय उपयोग? आणि गावातला आहे म्हणून वाईट काम खपवून घ्यायचं का? अजिबात नाही. सरकारने टेंडर ऑनलाइन आणलं, ते अशाच चिठ्ठ्याचपाट्यांना कंटाळून.

म्हणून मागणी ‘आम्हालाच द्या’ अशी नको. ‘आम्हाला शर्यतीत उतरू द्या’ अशी हवी. काम छोट्या भागांत काढा, पण प्रत्येक भागाचं टेंडर उघड काढा. अटी कामाच्या मापाच्या ठेवा. आणि बिल वेळेवर द्या.

हे हवेतलं बोलणं नाही. इंग्लंडमधलं प्रेस्टन हे शहर बघा. तिथल्या नगर परिषदेने, पोलीस आणि शिक्षणसंस्था अशा इतर मोठ्या सार्वजनिक संस्थांना सोबत घेऊन, आपली खरेदी नेमकी कुठे जाते हे मोजलं. 2012-13 मध्ये या संस्थांच्या खरेदीतला जेमतेम 5 टक्के पैसा शहरात राहत होता. मोठी कंत्राटं छोट्या भागांत काढली, गावातल्या व्यावसायिकांना टेंडर भरता येईल अशा अटी केल्या. चार वर्षांत तो वाटा 18 टक्क्यांच्या वर गेला. सक्ती केली नाही. दार थोडं रुंद केलं, इतकंच.

केरळमधलं उदाहरण तर याहून जुनं आहे. कोझिकोड जिल्ह्यातल्या उरालुंगलच्या 14 मजुरांनी 1925 मध्ये सहकारी संस्था काढली. आज ती रस्ते, पूल, आयटी पार्कच्या इमारती बांधते आणि मालक मजूरच आहेत. एकट्याला जी उलाढाल दाखवता येत नाही, ती चौदा जण मिळून दाखवतात.

आपल्याकडे हे नव्हतं का? होतं. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने 1947 मध्ये जंगल कामगार सहकारी संस्थांची सुरुवात केली, ती लाकूडतोडीतला ठेकेदार बाजूला काढण्यासाठीच. आजही बांधकाम खात्यात आणि जिल्हा परिषदेत छोट्या कामांची वाटणी होते, त्यात मजूर सहकारी संस्थांचा आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांचा वाटा राखलेला असतो. कागदावर व्यवस्था आहे. प्रश्न एवढाच, की त्या संस्थेचं लेटरहेड कुणाच्या खिशात आहे? मजुरांच्या की मजुरांच्या नावाने टेंडर भरणाऱ्याच्या?

आणि मुख्य म्हणजे, पेन आपल्या हातात आलं तर काय होतं, हे याच जंगलाने दाखवून दिलंय. गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षं कागद कारखान्याला जायचा. भाव ठरवणारे दुसरे, गावाच्या वाट्याला फक्त तोडायची मजुरी. मग वनहक्क कायदा आला. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याऐवजी ग्रामसभेच्या हातात आलं. 2012 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 1,006 हेक्टरवर हक्क मिळाला. बांबू तोडायचा कधी, विकायचा कसा, हे तिथली ग्रामसभा ठरवू लागली. पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः काढले.

गंमत बघा. आता लांबचा व्यापारी गावात येतो आणि गावाच्या अटी वाचतो! सगळं सुरळीत झालं असं नाही. काही हंगामांत भाव पडले, ठेकेदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारीही झाल्या. पण तंटा झाला तरी तो दोन पक्षांमधला तंटा होता. पूर्वी गाव हा पक्षच नव्हता. तोडणी करणारी माणसं तीच होती, जंगल तेच होतं. फक्त अट लिहिणारा हात बदलला.

जंगलाच्या बाबतीत जे जमलं, ते शाळेच्या छपराच्या बाबतीत का जमू नये?

आता तुमच्याकडे वळतो. कारण या गोष्टीत तुमची जागा आहे आणि ती रिकामी आहे. गावातल्या सुताराला रंधा मारता येतो, पोर्टलवर फॉर्म भरता येत नाही. तुम्हाला रंधा कदाचित येत नसेल, फॉर्म मात्र झोपेतही भरता येतो. प्रवेशाचे, स्कॉलरशिपचे, जात पडताळणीचे इतके फॉर्म भरलेत की ओटीपी यायच्या आधी बोटं तयार असतात. हे कौशल्य आहे. त्याला कमी लेखू नका.

काय करता येईल? एक म्हणजे, आपल्या नगरपंचायतीचं किंवा जिल्हा परिषदेचं एक टेंडर महाटेंडर पोर्टलवरून उतरवा आणि अटींचं पान वाचा. फक्त वाचा. किती कामं एकत्र बांधलीत? उलाढाल किती मागितलीय? गावातलं कोण त्यात बसतं? सिव्हिलचे विद्यार्थी असाल तर अंदाजपत्रकही कळेल, कॉमर्सचे असाल तर उलाढालीची अट.

दुसरं, दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. मागच्या तीन वर्षांची कामं कोणत्या ठेकेदारांना गेली आणि त्यांचे नोंदणीकृत पत्ते कुठले, एवढंच विचारा. प्रेस्टननेही सुरुवात मोजण्यापासूनच केली होती.

तिसरं, एका कारागिराची उद्यम नोंदणी करून द्या. ती ऑनलाइन आणि फुकट होते. नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज द्यायचं, असं 2006 चा कायदा सांगतो. बांधकामाच्या ठेक्यांना तो लागू होतो का यावर कोर्टात वाद झालेत. पण बाकं, ग्रील, कपाटं असा माल बनवून देणाऱ्याला त्याचा आधार घेता येतो. 2023 मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी धरून 18 कारागिरी आहेत. प्रशिक्षण आहे, हत्यारांसाठी 15 हजारांची मदत आहे, कर्ज आहे. छानच. पण हत्यार हातात आल्यावर ऑर्डरही यायला हवी ना? नाहीतर कर्जाचा हप्ता तेवढा येईल.

आणि चौथं, तुम्ही 18 पूर्ण केलीत आणि मतदार यादीत नाव आहे, म्हणजे तुम्ही आपल्या ग्रामसभेचे सदस्य आहात. पेसा क्षेत्रात तर 1996 च्या कायद्याने गावातल्या योजनांना मान्यता द्यायचं आणि पैसा कसा खर्च झाला याचं प्रमाणपत्र द्यायचं काम ग्रामसभेचं आहे. 2015 पासून आदिवासी विकासाच्या निधीतला 5 टक्के वाटा अबंध निधी म्हणून थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. त्या निधीतून काय करायचं, हे ग्रामसभेत ठरतं. त्या सभेला जाता का? की त्या दिवशी नेमकं तालुक्याला काम निघतं?

हे सगळं केल्यावर पुढच्या महिन्यात गावातल्या सुताराला ठेका मिळेल, असं मी म्हणत नाही. कदाचित पहिल्या टेंडरला तो हरेल. दर जास्त लागला म्हणून हरेल. चालेल! दराने हरलेला माणूस पुढच्या वेळी दर सुधारतो. पण ज्याचा लिफाफाच उघडला नाही, त्याने काय सुधारायचं?

सुट्टीत घरी गेलात की गावातल्या सुताराला, वेल्डरला, गवंड्याला एक प्रश्न विचारा: “काका, शाळेचं काम तुम्ही केलंत, पण बिल कुणाच्या नावाने निघालं?” उत्तर ऐका आणि त्याच रात्री टेंडर उघडून अटींचं पान शोधा.